गांध ओळखा: अंगावर पित्त उठण्याचे प्रकार आणि प्रत्येकात करायचं काय

मला पहिल्यांदा पित्त उठलं ते डाव्या मांडीवर. डास चावला असेल म्हणून खाजवलं, तर दहा मिनिटांत तळहाताएवढा उंचवटा (यालाच गांध म्हणतात) तयार झाला आणि त्याच्या शेजारी आणखी तीन. आईने आमसुलं भिजत घातली, त्याचं पाणी चोळलं, तासाभरात सगळं उतरलं. दुसऱ्या दिवशी पाठीवर आलं. मग पोटावर, मानेवर, एका सकाळी ओठावर. असं पावणेतीन वर्षं चाललं.

त्या काळात मी तूरडाळ सोडली, वांगं सोडलं, दही, शेंगदाणे, टोमॅटो, लोणचं सोडलं. रोज सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी घेतली. एका प्रयोगशाळेत हजारो रुपये भरून अॅलर्जीचं भलंमोठं पॅनेल केलं. आठ महिन्यांनी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "एक गांध अंगावर किती वेळ राहते?" मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता, आणि माझे उपचार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले.

मी डॉक्टर नाही. रुग्ण म्हणून जे भोगलं आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं, ते मला पहिल्याच आठवड्यात ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्याच क्रमाने इथे मांडते आहे. कारण शोधण्याच्या मागे लागण्याआधी प्रकार ओळखायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रकार कळला की काय टाळायचं, कोणती तपासणी करायची, कोणती नाही आणि औषध कसं घ्यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

सगळ्यात आधी: आत्ता धोका आहे का?

अंगावर पित्त उठलंय आणि त्यासोबत खालीलपैकी काहीही होत असेल तर पुढचा लेख नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा:

- श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, आवाज घोगरा होणं
- जीभ किंवा घसा सुजल्यासारखा वाटणं, थुंकी गिळता न येणं
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, एकदम गळून जाणं
- सारख्या उलट्या किंवा पोटात जोराच्या कळा, विशेषतः काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर

ही अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीरावर परिणाम करणारी जीवघेणी अॅलर्जी असू शकते, आणि तिच्यावरचं पहिलं औषध अॅड्रेनॅलिन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलिग्रॅम. सेट्रिझिनची गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. गोळीने खाज कमी होते, पण पडलेला रक्तदाब वर येत नाही. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवा आणि पाय उंचावर ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवत तर अजिबात नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात देखरेखीखाली थांबावं लागतं, कारण लक्षणं परत उलटू शकतात.

यातलं काही नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. नुसत्या गांधींनी जिवाला धोका होत नाही. त्रास मात्र खूप होतो.

'पित्त' या शब्दाने होणारी दिशाभूल

आपण म्हणतो 'पित्त उठलं', म्हणून मन थेट पोटाकडे जातं: जळजळ, आंबट ढेकर, जागरण, चहा. जुन्या वैद्यकात याला शीतपित्त म्हणतात. माधवनिदान या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ अशी तीन नावं एकत्र येतात, थंड वाऱ्याचा स्पर्श हे कारण सांगितलेलं आहे, आणि सुजेला उपमा दिली आहे गांधीलमाशी चावल्याची. निरीक्षण इतकं अचूक आहे की आजही त्यात बदल करावासा वाटत नाही. पुढे बोलीत 'शीत' गळलं, 'पित्त' तेवढं उरलं, आणि आम्लपित्त व अंगावरचं पित्त एकच असल्यासारखं आपण वागू लागलो.

प्रत्यक्षात घडतं ते त्वचेत. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. १८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी त्यांना हे नाव दिलं. त्यांच्या पोटात हिस्टामाइनने भरलेले कण असतात. काही कारणाने या पेशी फुटल्यासारख्या रित्या झाल्या की हिस्टामाइन आजूबाजूला पसरतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतलं पाणी त्वचेत झिरपतं आणि उंचवटा येतो. मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात म्हणून खाज सुटते. झिरपलेलं पाणी शोषलं गेलं की उंचवटा सपाट होतो आणि मागे काहीच राहत नाही.

हिस्टामाइन पोटातही आम्ल वाढवतं, हे खरं. पण तिथे ते एच-२ नावाच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर ते जिथे जाऊन बसतं त्या जागेवर) काम करतं, त्वचेत मुख्यतः एच-१ वर. फॅमोटिडिनसारखी एच-२ अडवणारी गोळी घेऊन एखाद्याला अंगावरच्या पित्तातही थोडा फरक वाटतो, तो यामुळे. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल मात्र आम्ल तयार करणारा पंपच बंद करतात, हिस्टामाइनशी त्यांचा संबंध नाही. मी आठ महिने जी गोळी घेत होते ती यांतलीच होती.

आणखी एक. गांध मुळातच काही तासांत आपली आपण उतरते. त्यामुळे त्या काळात जे काही केलं त्याने गुण आला असं वाटतं: आमसुलाचं पाणी, गेरू, घोंगडी पांघरणं, जो तो उपाय. आमसुलाच्या पाण्याने गार वाटतं, खाज थोडी शमते, ते खुशाल लावा. घोंगडीचं मात्र जपून, कारण खरखरीत लोकरीच्या घासण्यानेच काहींना आणखी गांधी उठतात. तो प्रकार पुढे येतोच.

पायरी १: बॉलपेन घ्या

एक ताजी गांध निवडा. तिच्या कडेने पेनाने गोल काढा आणि शेजारी वेळ लिहा. चार तासांनी बघा, रात्री बघा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा.

अंगावर पित्त सतत आहे असं वाटत असतं, कारण एक गांध जाते तोवर दुसरी येते. गोल काढल्यावर कळतं की प्रत्येक गांध वेगळी आहे. चोवीस तासांच्या आत ती जागा पूर्ण साफ झाली, डाग नाही, खपली नाही, तर ती खरी गांध, म्हणजे डॉक्टर जिला अर्टिकेरिया म्हणतात ती. हा प्रयोग मी तीन वेळा केला. एक गांध चार तास, दुसरी सात आणि तिसरी अकरा तास राहिली.

चोवीस तासांनंतरही ती तिथेच असेल, खाजेपेक्षा आग किंवा दुखणं जास्त असेल, आणि जाताना निळसर-तपकिरी, मुका मार लागल्यासारखा डाग राहत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. रक्तवाहिन्यांना सूज येणारा अर्टिकेरियल व्हॅस्क्युलायटिस नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात ताप, सांधेदुखीही असू शकते, आणि त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय त्याचं निदान होत नाही.

लहान मुलांच्या हातापायांवर खूप खाजणारे, टणक, मध्ये बारीक टिंब असलेले पुळीसारखे उंचवटे आठवडाभर राहत असतील तर ते बहुधा कीटकदंश असतात: डास, पिसवा, ढेकूण. त्याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात, पण नाव सारखं असलं तरी ही गांध नव्हे. तिथे मच्छरदाणी आणि गादी तपासणं हाच मोठा उपचार.

सावळ्या त्वचेवर गांधीचा लालपणा दिसेलच असं नाही. परदेशी छायाचित्रांतले गुलाबी चट्टे शोधत बसलात तर फसाल. बोट फिरवून उंचवटा जाणवतो का बघा. फोटो काढताना समोरून फ्लॅश मारू नका. खिडकीचा किंवा टॉर्चचा उजेड आडवा पडू द्या, म्हणजे सावलीमुळे कडा उठून दिसते. फोटो नक्की काढा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत अंग स्वच्छ झालेलं असतं, हे प्रत्येक पित्तवाल्याला ठाऊक आहे.

पायरी २: वरची सूज की आतली?

गांध त्वचेच्या वरच्या थरात येते. तीच क्रिया खोल थरात झाली तर ओठ, पापण्या, तळहात, तळपाय किंवा गुप्तांग सुजतं. ही अँजिओएडिमा. यात खाज कमी, ताण आणि दुखणं जास्त, आणि उतरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. गांधींसोबत अशी सूज येणं नेहमीचं आहे.

पण गांध एकही नाही आणि नुसती ओठ-जिभेची सूज पुन्हा पुन्हा येते, असं असेल तर औषधांची यादी काढा. रक्तदाबासाठी दिली जाणारी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातली गोळी चालू आहे का? या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन साठून अशी सूज येते. गोळी सुरू करून कित्येक महिने लोटल्यावरही येऊ शकते, आणि हिस्टामाइनविरोधी औषधाला दाद देत नाही. गोळी बदलण्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी भेटा. तरुण वयापासून अशी सूज, सोबत पोटदुखीचे झटके आणि घरात आणखी कुणाला तसंच, असं असेल तर आनुवंशिक प्रकाराची शक्यता असते. त्याची रक्ततपासणी वेगळी असते.

पायरी ३: सहा आठवड्यांची रेघ

कॅलेंडरवर पहिला दिवस लिहून ठेवा. सहा आठवड्यांच्या आत थांबलं तर तीव्र प्रकार, त्यापुढे चालू राहिलं तर दीर्घकालीन. ही रेघ दिसायला कृत्रिम वाटेल, पण तिच्या अलीकडे आणि पलीकडे विचार करायची पद्धतच बदलते.

रेघेच्या अलीकडे बाहेरचं कारण सापडण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. मुलांमध्ये सर्वात नेहमीचं कारण साधा विषाणूसंसर्ग: सर्दी, ताप, जुलाब. तापात अँटिबायोटिक दिलेलं असतं, चौथ्या दिवशी पित्त उठतं, आणि मुलाच्या कपाळी 'पेनिसिलिनची अॅलर्जी' हा शिक्का आयुष्यभरासाठी बसतो. बऱ्याचदा तो खोटा असतो. नंतर सवडीने अॅलर्जीतज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी.

खाण्याची अॅलर्जी असेल तर ती सहसा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा दिसते. कोळंबी, खेकडा, मासे, शेंगदाणे, काजू, अंडं, लहानग्यांमध्ये दूध ही नेहमीची नावं. सोमवारी खाल्लेल्या वांग्याने गुरुवारी पित्त उठत नाही.

बांगड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण किनारपट्टीवर हा गैरसमज घरोघरी आहे. बांगडा, टुना अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यानंतर बर्फात नीट राहिला नाही तर जंतू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ते हिस्टामाइन तळून किंवा शिजवून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर उठतं, कधी जुलाब होतात. ही अॅलर्जी नाही, ही विषबाधा आहे. ओळखायची खूण म्हणजे एकाच ताटात जेवलेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो, आणि त्याच माणसाला पुढच्या वेळी ताजा बांगडा खाऊन काही होत नाही. मासे आवडणाऱ्या माणसाचा बांगडा जन्मभरासाठी तोडायच्या आधी एवढं तपासा.

वेदनाशामकांचा हिशोब दोन्ही बाजूंना लावावा लागतो. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या काहींना नव्याने पित्त उठवतात, आणि ज्यांना आधीच दीर्घकालीन पित्त आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं वाढवतात. अंगदुखीसाठी शेजारणीकडून घेतलेली गोळी डायरीत लिहायची राहून जाते, ती लिहा. पॅरासिटॅमॉल बहुतेकांना चालतं. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

पायरी ४: रेघेपलीकडे गेलात? मग 'कशाने' नव्हे, 'केव्हा' विचारा

दीर्घकालीन पित्ताची दोन घरं आहेत. एकात ठरावीक गोष्ट केली की उठतं, दुसऱ्यात कशानेही किंवा कशाहीविना उठतं. काहींना दोन्ही असतं. पहिल्या घरातले प्रकार असे ओळखता येतात.

*ओरखड्याचं पित्त.* हा सर्वात जास्त आढळणारा. नख ओढलं की पाच-दहा मिनिटांत तिथे उंच रेघ उठते, पाठीवर नाव लिहिता येईल इतकी स्पष्ट. टॉवेलने खसाखसा पुसलं, घड्याळाचा पट्टा घासला, खरखरीत पांघरूण घेतलं की त्याच आकाराच्या गांधी. अर्ध्या ते एक-दोन तासांत उतरतात. उपाय साधे आहेत: टिपून पुसणं, मऊ सुती कपडे, नखं कापलेली, त्वचा कोरडी पडू न देणं, आणि खाजवण्याऐवजी थोपटणं.

*दाबाचं पित्त.* हा सर्वात फसवा, कारण दाब पडल्यानंतर चार-सहा तासांनी सूज येते. दिवसभर परकराची नाडी घट्ट असते आणि कंबरेला सूज येते रात्री नऊला. सॅक पाठीवरून उतरवून जेवण होतं, मग खांदा सुजतो. दिवसभर चालल्यावर रात्री तळपाय दुखून जमिनीवर टेकवत नाहीत. पिशव्या उचलल्यावर बोटांवर, टाळ्या वाजवल्यावर तळहातांवर येते. रात्रीच्या जेवणाला दोष देण्याआधी दुपारी काय केलं ते आठवा. दाब पसरवणं हाच उपाय: रुंद पट्ट्याची सॅक, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, जाड तळव्याची चप्पल. साधं औषध याला बऱ्याचदा पुरत नाही.

*गारव्याचं पित्त.* थंडीतल्या सकाळी दुचाकी चालवताना गाल आणि हात, गार पाण्याने भांडी घासताना बोटं, आइस्क्रीम खाल्ल्यावर ओठ. गार वस्तूचा स्पर्श संपून त्वचा गरम होऊ लागली की गांध उठते. दवाखान्यात बर्फाचा तुकडा पातळ पिशवीत घालून हातावर पाच मिनिटं ठेवतात आणि दहा मिनिटांनी बघतात. घरी हा प्रयोग करू नका. यातला खरा धोका पोहण्याचा आहे. विहिरीत, नदीत, धबधब्याखाली एकदम सगळं अंग गार पाण्यात गेलं की सर्वांगातून हिस्टामाइन सुटतं, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस पाण्यातच शुद्ध हरपू शकतो. ज्या मुलाला गार पाण्याने हातावर गांधी येतात त्याला विहिरीत उडी मारू देऊ नका, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांनाही हे सांगा, सलाइन आणि खोली दोन्ही गार असतात.

*घामाचं पित्त.* बाजरीच्या दाण्याएवढ्या बारीक, असंख्य गांधी, सोबत टोचल्यासारखी खाज, आणि बहुतेक वेळा तासाभरात साफ. गरम पाण्याची अंघोळ, व्यायाम, झणझणीत जेवण, भरलेल्या लोकलमधला उकाडा, परीक्षेची भीती, म्हणजे शरीर आतून तापवणारं काहीही. तरुणांमध्ये जास्त दिसतं. मुलं याला घामोळं समजून पावडर थापतात, पण घामोळं तासाभरात जात नाही. व्यायाम सोडायचा नाही. हळूहळू वाढवायचा आणि अंघोळीचं पाणी कोमट ठेवायचं. व्यायामाने चक्कर किंवा धाप येत असेल तर मात्र तपासणीशिवाय पुढे जाऊ नका. काहींना गहू खाऊन लगेच व्यायाम केला तरच अॅनाफिलॅक्सिस होते, नुसत्या गव्हाने किंवा नुसत्या व्यायामाने होत नाही.

उन्हाने काही मिनिटांत उघड्या भागावर उठणारं, कंपनाने (ड्रिल यंत्र, बाइकचा हँडल) उठणारं, थेट उष्णतेने उठणारं आणि पाण्याच्या नुसत्या स्पर्शाने उठणारं असे आणखी प्रकार आहेत. ते विरळ आहेत. पाण्याने उठतं असं वाटत असेल तर आधी पाणी गार होतं की गरम ते बघा; उत्तर बहुधा वरच्या दोन परिच्छेदांत सापडेल.

आणि यातल्या कशातच बसत नाही, झोपेतून उठता तेव्हाही अंग भरलेलं असतं, तर ते दुसरं घर: दीर्घकालीन स्वयंस्फूर्त अर्टिकेरिया. माझं हेच होतं. शंभरातल्या सुमारे एका माणसाला हा त्रास होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना साधारण दुप्पट, बहुतेकदा विशी ते चाळिशीत, आणि बहुतेकांमध्ये एक ते पाच वर्षं चालून तो थांबतो. पुष्कळ रुग्णांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मास्ट पेशींना चेतवत असते. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) या रुग्णांत जास्त सापडतात, म्हणून ती तपासणी सांगतात. ताण, पाळीच्या आधीचे दिवस, जागरण, ताप यांनी ते वाढतं. पण ही कारणं नव्हेत, आगीत तेल ओतणाऱ्या गोष्टी आहेत. हे मला समजलं तेव्हा मी रडले होते. तोवर स्वतःच्या ताटाला आणि स्वभावाला दोष देत होते.

पायरी ५: तपासण्या, मोजक्याच

स्वयंस्फूर्त प्रकारात रक्ताची साधी गणना, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणाऱ्या तपासण्या), एकूण आयजीई (अॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) आणि थायरॉइडची प्रतिपिंडं एवढं सहसा पुरतं. पोटात जंतांची शंका असेल तर शौचाची तपासणी. शेकडो पदार्थांच्या अॅलर्जी पॅनेलची यात गरज नसते. त्या अहवालात 'पॉझिटिव्ह' याचा अर्थ शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे, एवढाच. त्या पदार्थाने पित्त उठतं असा नव्हे. माझ्या अहवालात तांदूळ आणि केळं लाल अक्षरांत होतं. दोन्ही सोडून मी चार किलो वजन घालवलं, आणि गांधी होत्या तेवढ्याच राहिल्या.

पायरी ६: वही

रोज झोपण्यापूर्वी दोन आकडे लिहा. गांधी: नाही ०, वीसपेक्षा कमी १, वीस ते पन्नास २, त्याहून जास्त ३. खाज: नाही ०, सौम्य १, मध्यम २, झोप मोडणारी ३. दोन्हींची बेरीज रोज जास्तीत जास्त ६, आठवड्याची ४२. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ हीच मोजणी वापरतात. 'खूप त्रास आहे' या वाक्यावर डॉक्टर काय करणार? 'गेल्या आठवड्यात ३१, त्याआधी २८' म्हटल्यावर औषध वाढवायचं की नाही हे त्यांना लगेच ठरवता येतं. शेजारी पाळीची तारीख, घेतलेली प्रत्येक गोळी आणि काही वेगळं घडलं असेल तर तेवढं लिहा. खाल्लेला प्रत्येक घास लिहू नका. त्याने फक्त जेवणाची धास्ती वाढते.

पायरी ७: औषध, आणि ते घ्यायची रीत

झोप न आणणारी किंवा कमी आणणारी दुसऱ्या पिढीची हिस्टामाइनविरोधी औषधं ही पहिली पायरी: सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे. फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, रोजच्या उपचाराला त्या आता सुचवत नाहीत.

दीर्घकालीन पित्तात बहुतेकांची चूक एकच होते: उठलं की गोळी, नाही उठलं की नाही. ही औषधं ग्राहकावर आधीच जाऊन बसली तर हिस्टामाइनला जागा मिळत नाही. सुटून गेलेल्या हिस्टामाइनमागे धावून फारसं साधत नाही. म्हणून रोज, ठरल्या वेळी. दोन ते चार आठवड्यांत आकडे उतरले नाहीत तर डॉक्टर मात्रा वाढवतात, चौपटीपर्यंतही. हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बसतं, पण मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, वय हे बघून तज्ज्ञांनीच ठरवायचं. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबत घ्या. संत्र्या-सफरचंदाच्या रसाने ते कमी शोषलं जातं.

तरीही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन, सहसा दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. अमेरिकेत २०१४ मध्ये ते या आजारासाठी मंजूर झालं आणि कित्येकांचं आयुष्य त्याने बदललं. महाग आहे, त्यामुळे आधी मात्रा पूर्ण वाढवून पाहिली का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. त्यापुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध येतं, रक्तदाब आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून.

स्टेरॉइडबद्दल स्पष्ट लिहिते. अंग पेटलेलं असताना थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात, तिथे ते योग्य असतं. पण दर पंधरा दिवसांनी 'पित्ताचं इंजेक्शन' म्हणून टोचून घेणं किंवा औषधाच्या दुकानातून पांढऱ्या बारीक गोळ्या आणून महिनोन्महिने खाणं यात साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि थांबवलं की पित्त दुप्पट जोराने परत येतं. इंजेक्शन घेण्याआधी त्याचं नाव विचारा आणि वहीत लिहा.

आणि गोळी थांबवायची केव्हा?

आकडे शून्यावर आले म्हणून लगेच नाही. काही महिने शून्य टिकल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने एकेक पायरी खाली यायचं, आणि प्रत्येक पायरीवर वही चालू ठेवायची. माझ्या चार गोळ्यांच्या तीन झाल्या, मग दोन. दोनावरून एकावर आले त्याच्या नवव्या दिवशी मनगटावर एक गांध उठली. मी पेन घेतलं, गोल काढला, वेळ लिहिली: सकाळी ७.४०. साडेअकराला तिथे नुसता निळा गोल उरला होता. त्या आठवड्याची बेरीज २ आली. डॉक्टर म्हणाल्या, एक गोळी अजून दोन महिने चालू ठेवू. त्यानंतर ती थांबवली.